भांडण झाल्यावर जायचं कुठे?

बोटीवर राहणाऱ्या माणसांबद्दल मला पडलेला पहिला प्रश्न वादळाचा नव्हता. भांडण झाल्यावर जायचं कुठे, हा होता.

ज्या बाईंना तो विचारला त्या कुवेतमधल्या आमच्या हवल्लीच्या क्लिनिकमध्ये बोटाचे टाके काढायला आल्या होत्या. सत्तरीच्या गोऱ्यापान बाई, पण तळहात गवंड्यासारखे राठ. मी नर्स आहे, पण गप्प राहून काम करणं मला जमत नाही. त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच, कित्येक वर्षं कॅरिबियन समुद्रात शिडाच्या बोटीवर राहतात, या बेटावरून त्या बेटावर फिरतात आणि सध्या इथे लेकीकडे आलेत, हे कळल्यावर तर माझ्या तोंडाला खळच राहिली नाही. कपडे कसे धुता? पाऊस पडला की बादल्या लावून. भाजी काय खाता? कोबी, तो सगळ्यांत जास्त टिकतो. आणि मग तो भांडणाचा प्रश्न.

"कुठेच जाता येत नाही," बाई हसून म्हणाल्या. "म्हणून तर भांडण संपवावं लागतं."

मला हे नवीनच होतं. आमच्याकडे भांडण संपत नसे, ड्यूटी सुरू होत असे. नवरा रिफायनरीत शिफ्टवर, माझ्या क्लिनिकच्या पाळ्या. सलवाच्या फ्लॅटमधला आमचा संसार बराचसा फोनवरच्या मेसेजांवर झाला. ‘आमटी फ्रिजमध्ये आहे.’ ‘गॅस सांगितलाय.’ वादाला तोंड फुटलंच, तर नवऱ्याचा एक ठरलेला शब्द होता, "जाऊ दे." तो शब्द आला की विषय बंद. मग तो झोपायला आणि मी कामावर, किंवा उलट.

बाईंशी ओळख वाढली. एकदा चहाला घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, येत्या हिवाळ्यात लेकीचं बाळंतपण आहे, तेव्हा आम्ही पुन्हा इथे येणार आणि बोट तिकडे एका खाडीत बांधून ठेवणार. तीन महिने तुम्ही दोघं येऊन राहाल का? बोटीला माणसांची सोबत होईल. नवरा यंदा रिटायर होणार होता, माझीही बरीच रजा साठली होती. शीड सांभाळायला तो फहाहीलला एका मित्राच्या होडीवर हौसेनं शिकला होता. त्याच्या डोळ्यांत बेटं दिसायलाच लागली.

मला समुद्राची भीती नव्हती. उलट त्या बोटीतला स्टोव्ह कसा असेल, झोपल्यावर कानाशी पाणी वाजत असेल का, हे बघायला मी अधीर झाले होते. भीती वेगळीच होती. तीन महिने पाळ्या नाहीत, ड्यूटी नाही आणि आपटायला दार नाही. हा माणूस आणि मी सलग इतके दिवस जागेपणी एकमेकांसमोर कधी बसलोच नव्हतो. बसलो आणि बोलायला काहीच निघालं नाही, तर? उरलेलं आयुष्य ते माहीत असून काढायचं? बाई शनिवारी परत जाणार होत्या. त्याआधी हो की नाही ते सांगायचं होतं.

म्हणून शुक्रवारी मित्राची होडी घेऊन आम्ही दोघंच निघालो. नवरा सुकाणूपाशी, माझ्या हातात शिडाची दोरी. इंग्रजीत तिला शीट म्हणतात म्हणे. मी म्हटलं, शीट मी पेशंटच्या पलंगावर घालते, मला मराठीत सांगा. त्यानं लगेच इंजिनियरसारखं ठरवून टाकलं. दोरी खेचायची तर ‘ओढ’, तशीच ठेवायची तर ‘धर’, सैल करायची तर ‘जाऊ दे’.

वारा छान होता. रिफायनरीच्या चिमण्या मागे पडल्या. मी विचारलं, "अहो, तीन महिने आपण बोलणार काय?"

"बोलू की. त्यात काय?"

"मागच्या आठवड्यात काय बोललो, सांगा बरं. आमटी सोडून."

"तुझं आपलं काहीतरीच असतं."

"काहीतरीच नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय. तुम्हाला माझ्याबरोबर जायचंय की नुसतं बोटीवर जायचंय?"

त्यानं मान वळवली. "जाऊ दे!"

मी दोरी सोडली.

शीड वाऱ्यावर धोतरासारखं फडफडायला लागलं आणि होडी जागच्या जागी थांबली. "अगं, दोरी का सोडलीस?" तो ओरडला.

"तुम्हीच म्हणालात, जाऊ दे."

"मी ते... ते विषयाचं म्हणत होतो!"

मला हसू फुटलं, ते थांबेना. तो मात्र हसत नव्हता. चारी बाजूंना पाणी. नाइलाजानं तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तिथे ड्यूटी नसेल. मी किती कंटाळवाणा माणूस आहे ते तुला कळेल. त्याची धास्ती वाटते मला."

म्हणजे हाही तेच घेऊन बसला होता. मी वाकून दोरी उचलली. "ओढू?"

"थांब जरा," तो म्हणाला. काहीतरी आठवत असल्यासारखा अडखळला. "अगं, तू ड्यूटीवर जेवतेस कुठे?"

इतक्या वर्षांत हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. खिडकी नसलेल्या एका खोलीत, धुतलेल्या चादरींच्या कपाटांमध्ये, दोन मल्याळी मैत्रिणींबरोबर. त्यांना माझी आमटी फार आवडते. मी सांगत गेले आणि तो मध्ये मध्ये विचारत गेला. होडी वाहत कुठल्या कुठे गेली.

"मग बाईंना हो कळवायचं का?" शेवटी त्यानं विचारलं.

"कळवू," मी म्हटलं. "आता तुमचं सांगा. तुम्ही कुठे जेवता?"