सुतकात आलेले खडस

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी खडस मासे आले.

राख सावडून आम्ही नुकतेच परतलो होतो. जीप जिथवर येते तिथून हॉर्न ऐकू आला, आणि अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मासे यायची तारीख सगळ्यांना ठाऊक होती. बाबांनी ती महिनाभर आधी घरोघर जाऊन सांगितली होती. बाबा गेल्यावर मत्स्यबीज केंद्राला फोन करून ती पुढे ढकलायला हवी होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण शिकलेली मी, रामनगरच्या शाळेत शिकवणारी मी, तेव्हा मीच फोन केला असणार असं वाडीनं धरलं. मला वाटलं, काकांनी केला असेल. कुणीच केला नव्हता.

नंदिगड्ड्याहून आत आमची बारा घरांची वाडी आहे. वाडीखालून व्हाळ वाहतो. त्यात एके जागी पाणी खोल होऊन थांबतं, ती देवाची कोंड. कोंडीच्या खालच्या बाजूला काठावर एक उभा दगड आहे. त्या दगडापासून वर, कोंडीकडे, कुणी मासा मारत नाही, चप्पल घालून जात नाही, आणि सुतक असलेला माणूस तर जातच नाही. बाबांच्या लहानपणी त्या कोंडीत हातभर लांबीचे खडस होते. पुस्तकांत त्याला महसीर म्हणतात. मोठ्या खवल्यांचा, जोरकस मासा. पावसात तो कोंड सोडून व्हाळात वर-खाली फिरतो आणि पाणी उतरलं की परत येतो. एका वर्षी तो परत आलाच नाही. दगडाच्या खाली कुणी ब्लीचिंग पावडर टाकली होती. टाकणाऱ्यांत आपणही होतो, हे बाबांनी मला मी बीएड झाल्यावर सांगितलं. त्यांना खडस नको होते, झिंगे हवे होते. मेलेले खडस पाण्यावर पांढरे होऊन आले तेव्हा बाबा वीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी मासा खाल्ला नाही, आणि म्हातारपणी कोंडीत पुन्हा खडस आणायचे, हा एकच उद्योग मागे लावून घेतला. जोयड्याच्या कचेरीत किती खेपा घातल्या, त्याला गणती नाही.

मत्स्यबीज केंद्राचा माणूस दोन खोकी घेऊन पायवाटेनं उतरला. त्याच्यामागे ड्रायव्हर आणखी दोन घेऊन. खोक्यांत हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, पिशवीत पाणी आणि बोटाएवढे मासे. काही आडवे व्हायला लागले होते.

"लगू माड्री, मेडम," तो म्हणाला. लवकर करा. "पहाटेपासून पिशवीत आहेत. परत नेले तर वाटेतच जातील."

मग त्यानं अंगण बघितलं, पुरुषांची मुंडण केलेली डोकी बघितली, आणि हातातली खोकी हळूच खाली ठेवली.

काका, बाबांचे चुलतभाऊ, आमच्या वाडीचे गावकर आहेत. देवाचं सगळं तेच बघतात. ते पायरीवर बसले होते. म्हणाले, "मरायचा मुहूर्त पण माशांसंगं धरला बघ ह्यानं."

दोघं-तिघं हसले. काकू म्हणाली, "हसताय काय? कोंडीवर जाणार कोण? बाराच्या बारा घरं एका भावकीतली. सगळ्यांनाच सुतक."

"ह्यो साहेब जाईल की," माझा चुलतभाऊ म्हणाला.

"परक्या माणसानं देवाच्या कोंडीत काय सोडायचं म्हटलं तर आधी देवाला विचारावं लागतंय," काका म्हणाले. "विचारणार कोण? मीच. आणि मला सुतक."

तीन दिवस मी लोकांनी विचारलेल्याला मान हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पण ह्या एका बाबतीत मला शंका नव्हती. बाबांनी आणलेली पत्रकं, मी शाळेच्या ग्रंथालयातून काढलेली पुस्तकं, सगळं माझं वाचून झालं होतं.

"दगडाच्या खाली सोडू," मी म्हटलं. "खडस धारेच्या उलट चढतो. खोल पाणी हवं असतं त्याला. आपला आपण कोंडीत जाईल."

"न्हाई गेला तर?" काकांनी विचारलं.

"जाईल."

"तुला सुतक हाय तसं त्याला न्हाई, हे खरं," काका सावकाश म्हणाले. "पण खाली तर सगळे जाळी टाकतात. चार दिवसांत तळून खातील."

"खातंय कोण?" काकू म्हणाली. "बाराव्यापर्यंत वाडीत मासा शिजतोय व्हय?"

मग काका उठले आणि खोकं उचलायला वाकले.

दगडाच्या खाली तीसेक पावलांवर आम्ही पिशव्या पाण्यात तरंगत ठेवल्या. आतलं पाणी आणि व्हाळाचं पाणी सारखं गार होईपर्यंत थांबायचं असतं. तेवढा अर्धा तास केंद्राचा माणूस खिशातून रुमाल काढून उगीचच घाम पुसत राहिला. मग मी एकेक पिशवी उघडून आडवी केली. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असलेले ते मासे आधी तळाशी जाऊन बसले. थोडे मेले. बाकीचे थोड्या वेळानं हलले आणि धारेकडे तोंड करून एका रांगेत उभे राहिले.

पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी तिथल्या खडकावर जाऊन बसे. घरात माणसं येत-जात होती, रडत होती. मला बाबांसाठी रडायला ती जागा बरी वाटली. एकदा खालच्या वाडीतले दोघे गरी घेऊन आले. काकूनं वरूनच हाक मारली, "आमच्या घरात माणूस गेलाय, आणि तुम्हांला मासे सुचतात व्हय रे?" ते आल्या वाटेनं गेले. काळे ठिपके रोज कमी दिसत. पाचव्या-सहाव्या दिवशी काही मासे दगडाशेजारच्या उथळ धारेत अंग झोकून देताना मी बघितले, मागे ढकलले जाताना आणि पुन्हा झोकून देताना. शेवटच्या दोन दिवसांत एकही दिसला नाही. वर गेले, एवढंच मी मनाशी धरलं. दुसरं काही धरलं नाही.

बाराव्याला घर सारवलं, अंघोळी झाल्या, गोमूत्र शिंपडलं. काका निरांजन घेऊन दगडाच्या वर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते धोतर गुडघ्यापर्यंत ओलं करून.

"हायत," म्हणाले. "तांदूळ टाकले तर वर आले. भरपूर हायत."

काकूनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ जाळं खांद्यावर टाकून अंगणात उभा राहिला. "मास्तरीण, आता तरी टाकू काय? बारा दिवस भात आणि कुळीथ खाऊन जीभ आंबली."

"टाक," मी म्हटलं, आणि त्याच्याबरोबर गेले.

पहिल्या दोन फेकींत बारीक पांढरे मासे आले, एक खेकडा आला. तिसऱ्या फेकीला जाळ्यात एक काळा ठिपका तडफडत होता. चुलतभावानं माझ्याकडे बघितलं.

"एक आळशी राहिला बघ," तो म्हणाला. जाळं तिथंच टाकून त्यानं मासा पाण्यासकट ओंजळीत घेतला, चप्पल काढली आणि पाणी सांडू नये म्हणून पावलं बेतानं टाकत दगडाच्या वर, कोंडीकडे चढला.