पुढचा समुद्र

नाताळच्या सुट्टीत आम्ही गाडीने फ्रान्सचा किनारा बघत होतो. बघत कसले, नवरा गाडी पळवत होता. सासूबाई म्हणाल्या, "अरे, जरा थांब. पाण्याला हात लावून येते."

"आई, उशीर होतोय. पुढच्या गावात हाच समुद्र आहे."

समुद्र म्हणजे काय पेट्रोल पंप, हा चुकला तर पुढचा? कोकणातली बाई समुद्राला नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही, हे पोटच्या पोराला सांगावं लागतं? सासूबाईंनी खिडकीच्या काचेला बोटं लावली आणि डोळ्यांना टेकवली. माझं डोकंच फिरलं. मी सीटबेल्ट सोडला. गाडी किंचाळू लागली.

आईच्या शब्दाला न थांबलेला मुलगा गाडीच्या किंचाळण्याला लगेच थांबला.