तीन वाजताची जिवती

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ज्याला तोंड आहे आणि ते आमच्या डॉक्टरीणबाईंनी आतून पाहिलेलं नाही, असा माणूस कोणी मला आणून दाखवला, तर मी चंद्रपूरच्या बसस्थानकावर त्याचा जाहीर सत्कार करीन. मी तिथे वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे काचेमागे बसून कर्ण्यातून गाड्या पुकारणारा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसणारा जो असतो, तो. बाई सरकारी दवाखान्यात कॅन्सरच्या डॉक्टर. आमच्यात नातं असं काही नाही. त्यांच्या पेशंटांना माझ्या गाड्या लागायच्या, एवढंच. पहिल्याच भेटीत लोक नमस्कार करतात. बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तोंड उघडा. आपलीच तीन बोटं उभी घालून दाखवा." माझी दोन गेली, तिसरं अडलं. गालात खर्रा होता तो वेगळाच. "सुपारी-तंबाखू घोटून घोटून गालाचं लाकूड करून ठेवलं जी तुमी," असं त्या म्हणाल्या, आणि ते माझ्या कर्ण्यापेक्षा लांब ऐकू गेलं. घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकांमध्ये वाढलेल्या त्या. कुजबुजणं म्हणून काही असतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. माझा खर्रा त्या दिवशी सुटला नाही. चौथ्या दिवशी सुटला, कारण चारही दिवस त्या येत राहिल्या.

लग्नाची पत्रिका बाईंना द्यावी की नाही, याचा लोक दोनदा विचार करतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्या स्टेजवर गेल्या, आशीर्वाद दिला आणि फोटोवाल्याला तिथेच थांबवून नवरदेवाला आ करायला लावला. तो फोटो अल्बममध्ये आहे. बाई पाहताहेत, मामा पाहतो आहे, नवरी टाचा उंचावून पाहते आहे आणि आमचा पठ्ठ्या फेटा सावरत जबडा वासून उभा. सूनबाईंनी नेमका तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. पुतण्याने पुन्हा खर्रा खाल्ल्याचं ऐकलेलं नाही.

किलोमीटर बाईंना मान्य नाहीत. त्या अंतर गाड्यांत मोजतात. जिवतीच्या पहाडावरचा माणूस एक गाडी, एटापल्लीपलीकडचा तीन गाड्या, आणि सूरजागडच्या खाणीतून निघालेले लोखंडाचे ट्रक रस्त्यात आडवे असले तर मोजदादच नाही. हा आकडा त्या पेशंटच्या कागदावर नावाच्याही वर लिहितात. एका नव्या डॉक्टरला वाटलं, आजार किती पुढे गेला त्याचाच हा आकडा. त्याने एका म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन त्याला धीर द्यायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "त्याचा आजार अजून बारका हाय रे बाप्पा. पण तीन गाड्या बदलून येते तो. देत राह्य धीर."

नागपूरला पाठवलेला पेशंट दुसऱ्या इंजेक्शननंतर घरी बसतो, हे त्यांचं कायमचं दुखणं होतं. इथेच सोय करा म्हणून त्यांनी इतक्या साहेबांचे उंबरे झिजवले की शेवटी साहेबांनाच उंबरा ओलांडायला लावलं. दुर्गम भागातल्या आरोग्यसेवेवर बैठक घ्यायला वरून कोणी यायचं होतं. बाईंनी बैठक ठेवली जिवतीला आणि पत्राखाली लिहिलं, 'कृपया एसटीने यावे.' साहेब बिचारे भले गृहस्थ, खरंच एसटीने आले. पहाडाची वळणं चढून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पिवळा पडला होता, आणि सारी बैठक त्यांनी लिंबू चोखत काढली. बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, तुमची तं तब्येत चांगली हाय. आमच्या बाया इंजेक्शन घेऊन हेच वळणं चढतात." चंद्रपुरात चार खाटांची खोली मंजूर झाली ती त्या महिन्यात. मी अजूनही त्याला योगायोग म्हणतो आणि बाई अजूनही माझ्याशी त्यावर वाद घालतात.

त्या खोलीत दर मंगळवारी सलाइनमधून कॅन्सरचं औषध द्यायला लागले, आणि माझ्या डोक्याला ताप झाला. जिवतीची परतीची गाडी सुटायची तीनला आणि सलाइन संपायची साडेतीनला. त्यानंतरची गाडी थेट दुसऱ्या सकाळी. अडत होती ती जंगूबाई नावाची एक पेशंट, पहाडावरची कोलाम आदिवासी बाई. जिवतीला उतरल्यावरही तिला पुढे तासभर चालावं लागे. छातीतली गाठ काढून झाली होती. आता तीन आठवड्यांना एक अशी सहा इंजेक्शनं. सहाही वेळेवर झाली तर ती जगेल अशी बाईंना आशा होती. मध्ये सोडली, तर नाही.

"टाइमटेबल भाऊ," बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "अर्धा घंटा गाडी थांबवा."

"मंत्र्यासाठी नाई थांबवली जी मी गाडी," मी म्हटलं. यात फार फुशारकी नव्हती. मंत्री एसटीने येतच नाहीत.

"मंग टाइमच बदलवा."

"त्याले वरून मंजुरी लागते." त्यांचा अर्ज मी घेतला आणि फायलीत ठेवून दिला. अर्ज ठेवण्यात माझा हात धरणारा आगारात कोणी नव्हता.

पुढच्या खेपेला पावणेतीन वाजता बाई पांढऱ्या कोटासकट गाडीत चढल्या आणि पहिल्या सीटपासून सुरू झाल्या. "तोंड उघडा." बसलेला माणूस पळून जाणार कुठे? सीटमागून सीट झाली, कंडक्टर झाला, ड्रायव्हर मुद्दाम शेवटी ठेवलेला. ज्याच्या तोंडात डॉक्टरचं बोट आहे त्याला गाडी काढ म्हणून मी कर्ण्यातून किती ओरडणार? तीन पस्तीसला जंगूबाई दवाखान्याकडून हळूहळू चालत आली. बाईंनी ड्रायव्हरला तोंड मिटायची परवानगी दिली आणि गाडी हलली. मी नोंदवहीत उशिराचं कारण लिहिलं, 'तांत्रिक.' असं दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या इंजेक्शनला झालं. वरवर मी चिडत होतो. मनातून मला त्याची मजा वाटू लागली होती.

पाचव्या इंजेक्शनला जंगूबाई आलीच नाही. पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग एके दिवशी बाई पहाटेच्या गाडीने जिवतीला गेल्या, तिथून पायी तिच्या घरी. संध्याकाळी परत आल्या त्या सरळ माझ्या खिडकीशी. आवाज इतका खाली गेला होता की मला काचेला कान लावावा लागला.

"बरी हाय ती. अंगणात मोहफुलं वाळवून राह्यली होती. काऊन आली नाई म्हणून इचारलं, तं म्हणते, माह्यापायी सारी गाडी उनात उभी राह्यते. लेकराबाळाची माणसं हायेत. मले लाज वाट्टे."

गाडीतलं कोणी तिला एका शब्दाने बोललं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं, आणि आम्ही दोघं शहाणे समजत होतो की तिला काय कळतंय.

"चूक माही झाली भाऊ," बाई म्हणाल्या. "साऱ्याइचे तोंडं उघडले, तिलेच काई इचारलं नाई."

चूक त्यांची नव्हती. तो अर्ज अजून माझ्याच फायलीत पडून होता, आणि मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन वरच्या कचेरीत गेलो आणि सही होईपर्यंत तिथल्या बाकावरून हललो नाही. पेंटरने फळ्यावरचा तीनचा आकडा खोडून चार लिहिला. बाई पुन्हा पहाड चढून गेल्या आणि जंगूबाईला सांगून आल्या, "आता गाडीच चारची हाय. कोणी कोणासाठी थांबत नाई."

जंगूबाई आली. पाचवं झालं, सहावं झालं. चारच्या गाडीत ती खिडकीजवळ बसून असायची आणि गाडी ठरल्या वेळी निघायची. पण मध्ये आठवडे गेले होते ते गेलेच होते. "त्या खाड्यानं काई होईल का जी?" असं मी एकदा बाईंना विचारलं. ज्यांचं दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक गालाबद्दल ठाम मत आहे त्या बाई म्हणाल्या, "माहीत नाई."

आता जंगूबाईला दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं असतं. मी निवृत्त झालो आहे, पण त्या मंगळवारी सकाळी मी स्टँडवर जातो. बाई माझ्या आधी येऊन उभ्या असतात. जिवतीची गाडी लागते, माणसं उतरायला लागतात, आणि मी एकेक चेहरा पाहत राहतो. गेल्या खेपेला ती सगळ्यात शेवटी उतरली. तोवर बाईंनी माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली होती, आणि जंगूबाई पायरीवर दिसल्यावरही ती सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढची तपासणी पोळा झाल्यावरच्या मंगळवारी आहे. त्या दिवशी मी दुसरं काही ठेवलेलं नाही.