लिंबोणीला जामीन

अख्ख्या पनवेलमध्ये कुणालाही न घाबरणारी एकच बाई मी पाहिली, आणि ती माझ्या चिठ्ठीला घाबरली होती, हे मला फार उशिरा कळलं. मुलांनो, तुमच्यापैकी कुणाचाच जन्म झाला नव्हता, तेव्हाची, नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहायला आल्या. नातं कुणाचंच नव्हतं, पण सारी बिल्डिंग त्यांना मावशीच म्हणे. शेत सरकारजमा झालं, मुलाने फ्लॅट घेतला, आणि भाताच्या खाचरातून उचलून ठेवाव्यात तशा मावशी थेट मोझॅकच्या फरशीवर येऊन पडल्या. येताना तेलाच्या डब्यात एक लिंबोणी घेऊन आल्या. बांधावरचं जुनं झाड भरावाखाली गेलं होतं, त्याचं हे शेवटचं कलम.

एस.टी. थांब्यावर थांबते हा नियम मावशींना मान्य नव्हता. त्या उभ्या राहत तिथे थांबा होई. गच्चीत सुकट वाळवू नका म्हणून सांगायला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी हातात काठी देऊन दोन तास कावळे हाकायला बसवलं होतं. ‘मावशी, मला बँकेत जायचंय,’ असं ते अधूनमधून म्हणत, पण उठत नसत. लिंबोणी मात्र गच्चीत नव्हे, गॅलरीतही नव्हे, हॉलमध्ये टीव्हीशेजारी. का, तर ‘भायेर नजर लागतं.’ मालिकेत रडारड सुरू झाली की मावशी उठून डबा भिंतीकडे वळवत. झाडाचं मन कच्चं असतं म्हणे. कोळंबी धुतलेलं पाणी त्यालाच घालत, आणि पाहुण्यांना तो वास आला तर पाहुण्यांचं नाक तपासून घ्यायला सांगत.

इतकी बडदास्त असूनही पानं पिवळी पडू लागली, मग गळू लागली. मावशींचं जेवण सुटलं. सुनेने येऊन हे सांगितलं, तेव्हा मी माझं बागकामाचं इंग्रजी पुस्तक घेऊन वर गेले. मावशींनी पुस्तकाकडे पाहून मान हलवली. ‘बाई, माझ्या झाराला इंग्रजी कलत नाय.’ मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून मी ‘बाई’.

पुस्तकात पहिलाच प्रश्न होता, पाण्याचा निचरा होतो का? डबा कलता करून पाहिला, तर तळाची सगळी भोकं सिमेंटने बंद. आत मुळं कुजत होती.

‘हे कुणी केलं?’ मी माझ्या शाळेतल्या आवाजात विचारलं.

‘तुमीच लिवलं ना!’

मग आठवलं. त्या राहायला आल्या त्याच आठवड्यात, डबा अजून त्यांच्या गॅलरीत होता तेव्हा, त्यातून पाणी ठिबकून खाली माझे पापड भिजले होते. मी सुवाच्य अक्षरात, तारीख घालून, ‘कृपया योग्य ती व्यवस्था करावी’ अशी चिठ्ठी पाठवली होती. मला ती फार सभ्य वाटली होती.

‘असलाच कागद आलता शेताचा,’ मावशी हळूच म्हणाल्या. ‘तवा कोनी ऐकला नाय. मंग शेत गेला. म्हटला, या कागदाचा ऐकूया, झार तरी ऱ्हाईल.’

त्याच दुपारी मी स्वतः बाजारातून भोकाची मातीची कुंडी आणली, खाली ताटली ठेवली. कुजकी मुळं छाटली, माती बदलली, आणि कर्नाळ्याचा सुळका दिसतो त्या खिडकीत, उन्हात झाड ठेवलं. महिना गेला. काड्या नुसत्या उभ्या. तेव्हा मावशींनी कोयता काढला.

त्यांच्या गावची रीत अशी की रुसलेल्या झाडाला एकाने धमकी द्यायची आणि दुसऱ्याने जामीन राहायचं. मला दारात उभं केलं.

‘पालवी नाय आली तं तोरतंय बग तुला!’ मावशी गरजल्या.

मी म्हणाले, ‘कृपया तोडू नका. मी हमी देते.’

कोयता खाली आला. ‘बाई, झारासाठी बोलताव का अर्ज करताव? जरा रडून बोला!’

तीनदा बोलले. तिसऱ्यांदा आवाज कसा कोण जाणे, खराच भरून आला. पंधरा दिवसांत हिरवं टोक दिसलं. पुस्तकाच्या मते निचऱ्यामुळे, मावशींच्या मते माझ्या रडण्यामुळे. पहिलं लिंबू त्यांनी मलाच दिलं आणि त्याचं लोणचं घालू दिलं नाही. नुसतं हुंगायचं.

पुढे मावशींचे गुडघे जिने चढेनात, म्हणून लेक त्यांना उरणला घेऊन गेली. तिथे खारा वारा, झाड टिकायचं नाही. ‘जामीन तुमी हाव,’ असं म्हणून त्या कुंडी माझ्या हॉलमध्ये ठेवून गेल्या. सोबत कोयताही. पहिली दोन वर्षं त्या झाड बघायला येत. बस आमच्या फाटकासमोरच थांबे. आता ती थांब्यावर थांबते.

यंदा लिंबोणी पुन्हा रुसली आहे. निचरा तपासला, ऊन तपासलं, सगळं पुस्तकाप्रमाणे आहे. काल मी कोयता उगारला, मावशींच्या बोलीत दम दिला आणि सवयीने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. धमकी देणारीने स्वतःच जामीन राहिलेलं झाडाला चालत नाही.

म्हणून, मुलांनो, सुट्टीत याल तेव्हा आजी हातात कोयता घेऊन उभी दिसली तर घाबरू नका. दारातूनच म्हणा, ‘नको तोडू, आम्ही जामीन आहोत.’ आणि जरा रडून म्हणा.