बाकमावशीची शिडी

बाकमावशीने नोकरीसाठी नवऱ्याला शिडीवरून ढकललं, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. सांगणारे दोन्ही हातांनी ढकलून दाखवतात, वर नवऱ्याचं शेवटचं "आई गं!" सुद्धा स्वतःच काढतात.

साफ खोटं. त्या शिडीला ढकलाढकलीची गरजच नव्हती. मावशीचा नवरा कार्यालयात जुन्या फायली सांभाळायचा. शिडीची वरून तिसरी पायरी निसटते, अशी लेखी तक्रार त्यानेच दिली होती. ती तक्रार कुठे अडली, असं साहेबांनी एक दिवस विचारलं. फाईल सगळ्यात वरच्या फळीवर होती. ती काढायला तो त्याच शिडीवर चढला. फाईल सापडली म्हणे. खाली आला तेव्हा हातातच होती.

माणूस नोकरीत असताना गेला, तर घरातल्या एकाला नोकरी देतात. त्याला अनुकंपा म्हणतात. मावशीने अर्ज केला तेव्हा ती छत्तीसची होती, यादीत नंबर एकोणीस. अट एवढीच, की पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत हुकूम हातात पडला पाहिजे. नाहीतर नाव कट.

तिथल्या हेडक्लार्कला सगळे नियमकाका म्हणायचे. आधी घसा खाकरायचा, मग वाक्य, मग शिक्का हाणल्यासारखं "काय?"

"ह्हं. बाई, तुमच्या भावना समजतात. पण अर्जात भावनांचा रकाना नाही. काय? बाहेर बसा."

ती बाहेर बसली ती नऊ वर्षं. दाराशेजारी बाक होता, त्याच्या एका टोकाला खिळा वर आलेला. पहिल्या वर्षात कपडे दोनदा फाटले, तेव्हा कुठल्या टोकाला बसायचं ते कळलं. आधी ती सोमवारी जायची, मग रोज जायला लागली. पोटासाठी बाकावरच लोकांची काजं-बटणं करायची. नियमकाकांच्या शर्टाची बटणंसुद्धा तिनेच लावलेली. आलेल्या-गेलेल्यांचे अर्ज भरून द्यायची. आतल्या कारकुनांना फॉर्म कुठला ते आठवलं नाही, की तेही खिडकीतून डोकं काढून तिलाच विचारायचे.

घरी सासू टपलेलीच असायची. "माझा पोरगा जीव देऊन नोकरी ठेवून गेला, आणि हिला ती उचलता येईना!"

"आई, माझ्या वर अजून अकरा जण आहेत."

"मग पडू दे की त्यांना जरा आजारी!"

आजारी पडायची गरज नव्हती. यादी हलायची ती नोकऱ्या लागून कमी, आणि वरचे पंचेचाळिशी ओलांडून जास्त. वरच्या प्रत्येकाची जन्मतारीख मावशीला पाठ. कुणाचा पंचेचाळिसावा वाढदिवस झाला, की ही एक घर वर.

अशी चढत चढत ती पहिल्या नंबरवर आली. पंचेचाळीस व्हायला तेव्हा दोन आठवडे उरले होते. आणि जागाही निघाली, थेट नवऱ्याचीच. हुकूम टाईप झाला. आता फक्त नवऱ्याच्या अपघाताचा मूळ अहवाल जोडायचा होता. तो होता वरच्या फळीवर.

"ह्हं. शिडी नाही."

"ती काय, कोपऱ्यात उभी आहे."

"तो पुरावा आहे, बाई. चौकशी चालू आहे. पुराव्यावर चढता येत नाही. काय?"

"मग नवी?"

"मागणी केलेली आहे."

"कधी?"

"तुमचे मिस्टर असताना."

मावशी तडक रंगाऱ्याच्या घरी आली आणि शिडी मागितली. रंगारी म्हणजे माझा बाप. शिडी खांद्यावर टाकून ती भर रस्त्यातून निघाली, तेव्हा दुकानांतून आवाज आले, "मावशी, आता कुणाचा नंबर?"

"रांगेत या, सगळ्यांना ढकलते," मावशी म्हणाली.

फाटकाच्या आत शिडी घेतली, पण नियमकाकांनी ती फायलींच्या खोलीच्या दाराशी अडवली. "खासगी शिडी! साहेबांची परवानगी लागेल." तिने तिथल्या तिथे अर्ज लिहिला. परवानगी आली बुधवारी. पंचेचाळीस मंगळवारीच पूर्ण झाली होती.

नियमकाकांनी पट्टी ठेवली आणि तिच्या नावावर लाल रेघ ओढली, अगदी सरळ. मनगटावरचं बटण तिनेच गेल्या आठवड्यात घट्ट केलेलं.

"ह्हं. कालच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. परवानगी मात्र आली हं, शिडी आत घ्या."

तिच्याच शिडीवरून शिपायाने दोन नंबरवाल्याची फाईल काढली.

संध्याकाळी सासूने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे तो फुकटच गेला?"

मावशीने बटणांचा डबा उघडला आणि रंगाप्रमाणे बटणं वेगळी करत बसली. शिडीची चौकशी करायला मी दारात उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मावशी, सुटलीस बघ. उद्यापासून तू काही त्या बाकावर दिसत नाहीस."

"पैज?"

"पैज."

"हरलास तर शिडी तिथून तू आणायचीस."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला गेलो. मावशी बाकावर. शेजारी एक नवी बाई, डोळे सुजलेले, हातात नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. नियमकाकांनीच पाठवलेली.

"वय?" मावशी विचारत होती.

"एकोणचाळीस."

"सहा वर्षं आहेत. इकडे सरक, तिकडे खिळा आहे."

मी गुपचूप शिडी उचलली, तर फाटकावर पहारेकरी आडवा. पास कुठाय? परत आत, नियमकाकांकडे.

"ह्हं. आत आलेली वस्तू बाहेर न्यायची तर अर्ज लागेल. काय? त्या बाईंकडून भरून घे."

मावशीने मान वर न करता अर्ज लिहिला, माझी सही घेतली आणि तिघांपुरती जागा केली. मी बसलो.

"मावशी, किती वेळ लागेल गं?"

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तुझं वय काय?"