भिकुबाईंचं हाकेचं अंतर

भिकुबाई बैसाणेंच्या घरी अभ्यास चालू आहे की नाही, हे आमच्या गल्लीत कुणाला विचारावं लागत नसे. धुळ्याला चर्चच्या मागं त्यांच्या दोन खोल्या, आणि मधे एक भिंत टाकून आमच्या. सकाळी भाकऱ्या थापण्याची थपथप सुरू झाली की तिच्यावर त्यांच्या मुलीचा, सुवार्ताचा आवाज चढायचा. कधी इतिहास, कधी भूमिती. मी शाळेत शिकले नाही एवढी भूमिती त्या भिंतीतून शिकले. आवाज जरा खाली आला की चुलीपासून भिकुबाईंची आरोळी यायची, "जोरमां वाच! माले ऐकू येवाले पाह्यजे!"

भिकुबाईंचं स्वतःचं शिक्षण सातवी. बीजगणित त्यांना ओ की ठो कळत नसे. पण पोरगी कुठं अडली ते नेमकं कळे. समजलेलं नसलं की वाचणारा घाई करतो, असं त्यांचं म्हणणं. घाई दिसली की भाकरी उलटता उलटता सांगायच्या, "फिरीसन वाच." पुन्हा वाचूनही घाई जात नसली, तर तो धडा शनिवारसाठी राखून ठेवायचा.

शनिवारचं सांगण्याआधी पोरगी शाळेत का नव्हती ते सांगते, कारण या एका प्रश्नानं आमच्या नातेवाइकांनी आमचं डोकं पार खाल्लं होतं. सुवार्ताचे वडील गुलाबभाऊ मिशनचे प्रचारक. आज साक्रीकडं, उद्या शिरपूरकडं, एका गावात चूल रुळली की पुढच्या गावचा हुकूम यायचा. अशा घरांतली मुलं बोर्डिंगला ठेवायची, ही आमच्यातली जुनी रीत. भिकुबाई स्वतः सहाव्या वर्षापासून बोर्डिंगात वाढलेल्या. बोर्डिंगबद्दल त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. पोटभर जेवायला मिळालं, शिवणकाम आलं, गाणी आली. पण मला एकदा म्हणाल्या, "वहिनी, तठे सगळ्या पोरी खोकेत. कोन खोकस, ते कोनलेच समजे नही." "मनी पोर मना जवळच ऱ्हाई," हे त्यांनी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं, आणि गुलाबभाऊ कितीही चांगले वक्ते असले तरी त्यांचं घरात काही चालायचं नाही.

धुळ्याला कायमचं बिऱ्हाड झालं तेव्हा सुवार्ता बारा वर्षांची होती. शाळेत नेली तर दाखला नाही, म्हणून लहान मुलांच्या वर्गात बसवू म्हणाले. भिकुबाई तिला हाताला धरून परत घेऊन आल्या.

आमचा धाकटा दम्यानं आजारी, त्याची शाळा महिन्यातले अर्धे दिवस बुडायची. म्हणून मीही दोन्ही पोरांना घरीच घेऊन बसले होते. अशी चर्चमधली पाच घरं निघाली. आणि त्या पाच घरांना एकत्र बांधणारी मार्थाअक्का. अक्का म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका; शाळा सुटली तरी त्यांची छडी सुटली नव्हती. त्यांनी दर शनिवारी सगळ्यांना चर्चच्या ओट्यावर जमवायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी नियम घातला, आपल्या पोराला आपण शिकवायचं नाही. "घरी आठवडाभर तेच करता ना? इथं दुसऱ्याच्या पोरावर ओरडा. आवाज आपोआप खाली येईल."

पहिले शनिवार काय वर्णावे! एकेकट्यानं शिकलेली पोरं ती. प्रश्न विचारला की सगळी एकदम उत्तरं द्यायची. माझा मोठा मधेच उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही, घरी जाऊन झोपला. लंगडीत बाद झालेला पोरगा "मी कधीच हरत नाही" म्हणून मैदानातून हलेना. बरोबरच होतं, घरी तो एकटाच खेळायचा. हळूहळू वळण लागलं. मी गणित घ्यायची, पाच घरांतल्याच एक कमलबाई पेटी घेऊन गाणी बसवायच्या, भिकुबाई पोरापोरींना सरसकट बटणं लावायला शिकवायच्या. एकदा सगळे लळिंगच्या किल्ल्यावर चढून गेलो आणि वरून धुळं कुठं संपतं ते पाहिलं. भिकुबाईंना टायफॉइड झाला तेव्हा सुवार्ता महिनाभर माझ्या चुलीपाशी वाचत होती, आणि भिकुबाई अंथरुणातून भिंतीपलीकडून ओरडत होत्या, "फिरीसन!" आम्हा बायकांना या शनिवारांनी काय दिलं ते मी मोजू शकत नाही. आपण वेडेपणा करत नाही आहोत, एवढं तरी आठवड्यातून एकदा पटायचं.

एक्क्याण्णव साली अक्कांनी सुवार्तासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. त्या दिवशी मात्र गुलाबभाऊंनी, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, घरात आपला शब्द चालवला. मी भिंतीपलीकडेच होते. "पास व्हयनी ते आठेच ऱ्हाई, धुळामां कॉलेज करी. नापास व्हयनी ते बोर्डिंग. मी बोली ठेयेल शे तठे. मंग रडानं नही." माणूस वाईट नव्हता. बोर्डिंगनंच त्याला माणसात आणलं होतं, पोरीचं नुकसान होतंय असं त्याला खरंच वाटत होतं. भिकुबाई "बरं" म्हणाल्या. त्यांना खात्रीच होती. सगळं पुस्तक त्यांच्या कानावरून गेलं होतं.

जानेवारीत अक्कांनी ओट्यावर सराव परीक्षा ठेवली. सुवार्ता आणि तिच्याहून लहान दोघं, त्यांत माझा मोठा, लांब लांब बसवलेली. आम्ही आया पायऱ्यांवर. अक्कांनी घंटी वाजवली आणि पाचच मिनिटांत ओट्यावरून खणखणीत आवाज आला, "समजा, रामचे आजचे वय क्ष वर्षे आहे..."

पोरं खो खो हसली. माझा मोठा मात्र हसला नाही, तो भराभरा उतरवून घेत होता.

"सुवार्ता, मनात," अक्का म्हणाल्या. ती गप्प झाली. पेन कागदावर टेकलेलं, पण हलेना. ओठ पुटपुटायला लागले, आवाज वर आला, अक्कांनी पुन्हा दटावलं. तास संपला तेव्हा दोघा लहानांचे पेपर भरले होते आणि सुवार्ताच्या कागदावर नुसतं नाव होतं. ती हुंदके देत आईकडं आली. "माय, मनमां बोलनू ते माले ऐकूच येत नही."

भिकुबाईंचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला. पोरीला इतकी वर्षं मोठ्यानं वाचायला लावलं होतं, ती डोक्यानं कमी आणि कानानं जास्त शिकली होती, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तोंडातून शब्द काढला तर पेपर काढून घेतात. पोरगी जवळ राहावी म्हणून जे केलं, त्यानंच ती बोर्डिंगला जाणार होती. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच माझ्या मोठ्याला एक धपाटा घातला. तसा तो मी त्याला देणं लागतच होते.

अक्का हातपाय गाळणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या शनिवारपासून त्यांनी मौनाचा तास काढला. सगळ्यांनी गप्प बसायचं, आयांनीसुद्धा. पोरांना जमलं. आम्हाला जमेना. कमलबाईंना दहाव्या मिनिटाला उचकी लागली, मला हसू आवरेना, आणि अक्का स्वतःच "शांतता!" म्हणून ओरडल्या. सुवार्ताला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. रुमाल तोंडात धरून बसली तरी घशातून घूं घूं यायचंच.

मग भिकुबाईंनी ते आपल्या हातात घेतलं. चुलीपासून उठल्या आणि पोरीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "मी आठेच शे. आते येवढं जोरमां काय करानं? हळू वाच." दुसऱ्या दिवशी आणखी हळू. भिंतीपलीकडं मला शब्द लागेनासे झाले, मग नुसती कुजबुज, मग तीही नाही. मी न राहवून वाकून पाहायला गेले. पोरगी फक्त ओठ हलवत होती आणि भिकुबाई तिच्या तोंडाकडं टक लावून बसल्या होत्या. घाई झाली की बोट वर करायच्या. पोरगी मागं जायची आणि पुन्हा तिथूनच ओठ हलवायची.

फेब्रुवारी निम्मा सरला तरी गाडी तिथंच अडली. आई समोर असली की जमायचं, आई उठली की आवाज फुटायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये आई कुठून न्यायची? अक्का एका संध्याकाळी आल्या, त्यांनी दोघींना बसलेलं पाहिलं आणि मला बाहेर येऊन म्हणाल्या, "हिनं आता पोरीकडं पाठ करायला हवी. मी सांगितलं तर ऐकणार नाही."

कुणी सांगावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाई म्हणाल्या, "आज मी तुनाकडे पाठ करीसन बठस. तू वाच." भिंतीकडं तोंड करून त्या गहू निवडत बसल्या. मागून एक शब्द नाही की ओठांचा आवाज नाही. पोरगी वाचतेय की झोपली, समजायला मार्ग नाही. ज्या बाईनं आयुष्यभर पोरीला कानाआड होऊ दिलं नाही, ती खड्यांसोबत गहूही फेकत होती, इतकं तिचं लक्ष नव्हतं. पण वळून बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही बायकांनी पाळी लावली. रोज कुणीतरी पापड लाटायचं निमित्त काढून भिकुबाईंना उचलून न्यायचं. माझ्याकडं असल्या की लाटणं थांबवून भिंतीला कान लावायच्या. मी त्यांना ओढून बसवायची. त्या वर्षी पाच घरांत मिळून इतके पापड झाले की पुढच्या नाताळापर्यंत पुरले.

मार्चमधल्या पहिल्या पेपराला आम्ही सगळ्या परीक्षा केंद्राबाहेर उन्हात उभ्या. गुलाबभाऊही आले होते, डोक्यावर रुमाल टाकून. शेवटची घंटा झाली, मुलं लोंढ्यानं बाहेर पडली आणि त्यांत सुवार्ता. भिकुबाईंनी पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. "बोलनी का?"

"नही. दोनदा ओठ हालनात. सर देखी ऱ्हायंतात, पन काही बोलनात नही."

जूनमध्ये निकाल लागला. सुवार्ता सेकंड क्लासनं पास. गुलाबभाऊंनी स्वतः पेढे वाटले. अक्कांनी पहिल्यांदाच छडी घरी ठेवली आणि सुवार्ताला मिठी मारली. भिकुबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, बाई आता नाचते की काय. पोरगी धुळ्यातच राहणार, सगळं पक्कं झालं होतं.

आणि आठ दिवसांनी सुवार्ता आईपुढं येऊन उभी राहिली. जळगावला नर्सिंगचा कोर्स निघालाय, तिला करायचाय. राहायचं तिथंच, होस्टेलवर.

मला हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तावातावानं शेजारी गेले. "भिकुबाई, एवढं केलंत, आणि ही निघाली होस्टेलला? नापास झाली असती तरी तेच झालं असतं की! तुम्ही हो म्हणालात कशा?"

भिकुबाई पोरीच्या पोलक्याला बटण लावत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला. "तुमी बठा, वहिनी. चहा टाकस." बस. माझा सगळा ताव त्या चहात विरघळला.

जुलैत एसटी स्टँडवर तिला पोचवायला आम्ही पाचही घरची मंडळी गेलो. शनिवारच होता. पोरं पत्र्याच्या ट्रंकेवर चढून बसली होती, कमलबाईंनी तिथंच गाणं म्हणायला लावलं, कंडक्टर वैतागला. जळगावची गाडी लागली. सुवार्ता खिडकीपाशी बसली आणि तिनं पुस्तक उघडलं, अगदी गुपचूप, ओठसुद्धा हलले नाहीत. गाडी निघाली तशी ती वर बघून हसली. गुलाबभाऊ ढसाढसा रडायला लागले. पोरगी बोर्डिंगात टाकायला निघालेले हेच ते गुलाबभाऊ! मीही पदर डोळ्यांना लावला होता. भिकुबाईंचे डोळे मात्र कोरडे. नुसती गाडी बघायला आल्यासारख्या उभ्या.

"भिकुबाई," मी म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्या धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडं बघत राहिल्या. "माले धाडेल व्हतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "हाई सोताहून जाई राहिनी."