रिकाम्या रुग्णवाहिकेचा रविवार

माझ्या सासूबाई एका रविवारी दुपारी बाराच्या सुमारास वारल्या, असे आमच्या वसाहतीचे मत झाले होते. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा वडाभात वाढून घेत होत्या.

दोष माझ्या वहीचा. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या आमच्या वसाहतीत मुलगा-सून ड्यूटीवर आणि म्हातारी माणसे क्वार्टरमध्ये एकटी, असे बरेच. घरी येऊन रक्त कोण घेते, जिना उतरताना हात देणारा ऑटोवाला कोणता, चाकाची खुर्ची कुठे मिळते, याची एक पुस्तिका काढायचे महिला मंडळाने ठरवले आणि काम माझ्याकडे आले. (माझ्या फ्रिजवर याद्या असतात आणि कपाटात त्या याद्यांची यादी.) माझा नियम एकच: पडताळल्याशिवाय नाव छापायचे नाही. पडताळायला एक ज्येष्ठ व्यक्ती लागते. ती घरातच होती!

सासूबाईंना सिरोंच्याला धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहायला जायचे होते. सहा महिने त्या मागे लागल्या होत्या आणि सहा महिने मी नाही म्हणत होते. एसटीने दिवसभराचा प्रवास, हाडे मोजणारा रस्ता, वय शहात्तर.

"आई, एक दिवस मला तपासणीसाठी द्या," मी म्हटले.

"मंग मले सिरोंच्याले जाऊ देशीन?"

"रिपोर्ट चांगले आले तर."

"लिहून दे."

मी लिहून दिले, खाली सही केली.

रविवारचे वेळापत्रक चोख होते. आठ वाजता रक्त घेणारा. साडेआठला दुसऱ्या लॅबचा रक्त घेणारा (तुलना नको?). नऊला व्यायाम शिकवणाऱ्या बाई. दहाला ऑक्सिजनचे सिलिंडर, अकराला चाकाची खुर्ची, पावणेबाराला रुग्णवाहिका. मी फाटकात घड्याळ बघत उभी, कोणाला किती मिनिटे लागली ते टिपत. समोरच्या गॅलरीत बोरकरकाकू. त्याही टिपत होत्या, फक्त वहीशिवाय.

"सुनंदा, हे काय करून राह्यली व तू माह्यासंग?" दुसऱ्या सुईनंतर सासूबाई ओरडल्या. "रक्त काय विहिरीतून येते का?"

ते ओरडणेही काकूंनी ऐकले.

सिलिंडर आले आणि दहा मिनिटांत परत गेले. खुर्ची आली आणि परत गेली. रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली, दोघे स्ट्रेचर घेऊन आत गेले, मी दाराची रुंदी मोजून घेतली, त्यांना हात जोडून आभार मानले आणि गाडी हळूहळू रिकामी निघून गेली. आता आमच्याकडे रुग्णवाहिका दारातून रिकामी परत गेली की लोक आणखी काही विचारत नाहीत. ते सरळ खांद्यावर टॉवेल टाकून निघतात.

मी नोंदी पक्क्या करायला आत बसले. अर्ध्या तासाने बाहेर डोकावले तर अंगणात तीसएक माणसे! पुरुष भिंतीला टेकून, खाली बघत. बायका तुळशीपाशी. कोणीतरी दोन हिरवेगार बांबू आणून टाकलेले. (चंद्रपूर जिल्ह्यात बांबूला वेळ लागत नाही. माझ्या वहीतल्या सगळ्या सेवांपेक्षा हीच जलद निघाली.) बोरकरकाकू पिठले-भाकरीचा डबा घेऊन पुढे आल्या.

"तुही चूल बंद असंल म्हणून आणलं, बाई."

"चूल? वडे तळलेत आज!"

काकूंनी माझ्याकडे जे पाहिले, ते मी अजून विसरलेले नाही.

तेवढ्यात जीप थांबली. आमच्या ह्यांना पहिल्या पाळीतून उठवून आणले होते. डोक्यावर हेल्मेट तसेच, आणि दोन सहकाऱ्यांनी दोन हात धरलेले.

"अरे, काय झालं ते सांगा तरी!"

"काई नाई भाऊ. पाणी प्या पहिले."

आणि दारात सासूबाई आल्या, हातात ताट.

"काऊन बसले हो सारे असे?"

आमचे हे मटकन खाली बसले आणि तीसही माणसे त्यांनाच वारा घालू लागली. सासूबाईंनी अंगणावरून एक नजर फिरवली, बांबू पाहिले आणि प्रकरण त्यांच्या लक्षात आले. त्या मुळीच रागावल्या नाहीत.

"बाजूचे पिपरे भाऊ नाई आले माह्या मयतीले?" त्यांनी विचारले. "पाहून घेईन त्याइले. बांबू राहू द्या, दोडक्याच्या वेलाले कामी येतीन."

पण काकूंचा फोन तोवर सिरोंच्याला बहिणीकडे पोहोचला होता. सहा वाजता भाड्याच्या गाडीतून लक्ष्मीमावशी उतरल्या. फाटकापासूनच "अक्का! ओ अक्का!" असा टाहो. अक्का पायरीवर बसून शेंगा फोडत होती. मावशींनी आधी तिला एक चापट मारली, मग मिठी मारली, आणि मग दोघी मिळून माझ्याकडे बघू लागल्या.

सातला दोन्ही लॅबचे रिपोर्ट आले. दोन्ही उत्तम!

"तरी पण प्रवास..." मी सुरुवात केली.

सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून माझी सही असलेला कागद काढला. सकाळी सहाला दोघी त्याच गाडीने गेल्या. महिन्याचे तीन महिने झाले, अजून परतल्या नाहीत.

पुस्तिका छापून झाली. चाळीस पाने, प्रत्येक सेवेपुढे मिनिटे. पहिला फोन शेजारच्या म्हाताऱ्या पिपरे भाऊंचा.

"ताई, त्या सिरोंच्याच्या बाईंचा नंबर कोणत्या पानावर हाय?"

"कशाला?"

"तिथं कोणी यादी करत नाई म्हणते. मी आन् बोरकरबाईचे सासरे, आमी दोघं जाऊन येतो म्हटलं."

आठवड्यात असे पाच फोन आले. पुस्तिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही सेवेची चौकशी झाली नाही. तेव्हा पुढच्या आवृत्तीत हे पान घालणे भागच होते. पण पडताळल्याशिवाय छापायचे नाही! मी मावशींना फोन लावला आणि चार दिवस राहून, पाहून जाते म्हणून कळवले.

मावशी काही बोलण्याआधी मागून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "सांग तिले, जागा नाई!"